पपई बंद, मिश्री चालू

सुनेला दिवस गेले की घरातलं सगळं शहाणपण एकदम जागं होतं. पपई खाऊ नको, तिन्हीसांजेला उंबऱ्यावर बसू नको, ग्रहणात विळीला हात लावू नको. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तीच सासू मायेनं मिश्रीची डबी पुढे सरकवते. "लाव जरा, पोट साफ होईल." पपईपासून वाचवलेल्या बाळाला मग रोज तंबाखू पोचते, आईच्या हिरड्यांतून.

मिश्री म्हणजे तंबाखूच. बाजारातून आणलेली तंबाखू तव्यावर काळी पडेपर्यंत भाजायची. ठसक्यानं घर खोकायला लागतं, पोरं अंगणात पळतात. तव्यापुढे बसलेली मात्र पदर नाकाला लावून भाजत राहते, पोटुशी असली तरी. मग कुटायची, फडक्यातून चाळायची, डबीत भरायची. बोटावर चिमूटभर घेऊन हिरड्यांवर घासली की तशीच तोंडात धरून झाडलोट, भांडी, पाणी भरणं. दात एकदा घासले की दिवसाचं काम होतं. मिश्री मात्र दुपारी लागते, कामावरून आल्यावर लागते, निजताना लागते. ती लागते, कारण त्यात निकोटीन आहे.

"मी थुंकते, गिळत नाही" हे उत्तर खूपदा ऐकलंय. गिळायची गरजच नाही. हिरड्या आणि गालाच्या आतल्या पातळ त्वचेतून निकोटीन थेट रक्तात जातं, वार ओलांडून बाळापर्यंत पोचतं आणि रक्तवाहिन्या आकसवतं. ज्या वाटेनं बाळाला अन्न आणि प्राणवायू मिळायचा तीच वाट अरुंद होते. तंबाखूत शिसं आणि कॅडमियमही असतं, आणि भाजताना त्यात जळण्यातून होणाऱ्या कर्करोगकारक रसायनांची भर पडते.

मुंबईत हे मोजून झालंय. प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२१७ गर्भवतींचा पाठपुरावा केला. २००४ साली ते निष्कर्ष ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आले. तंबाखू न घेणाऱ्यांच्या तुलनेत मिश्री किंवा तसली बिनधुराची तंबाखू घेणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी होती आणि सहा दिवस आधी जन्मली होती. १०५ ग्रॅम किरकोळ वाटतात? आपल्याकडे कितीतरी बाळं अडीच किलोच्या काठावर जन्मतात, आई आधीच रक्तक्षयाची असते. तिथे शंभर ग्रॅमला फार किंमत आहे. पुढे मृत बाळ जन्मण्याचा धोकाही तपासला गेला. तो अशा स्त्रियांत अडीचपटीहून जास्त निघाला, जितक्या जास्त वेळा तंबाखू तितका जास्त, आणि मिश्रीत तो इतर प्रकारांपेक्षाही अधिक असावा असं दिसलं.

सरकारला दातांच्या तंबाखूचा धोका माहीत नव्हता असं नाही. तंबाखू घातलेल्या टूथपेस्ट आणि दंतमंजनांवर १९९२ मध्येच बंदी आली. गुटख्यावर राज्यानं २०१२ मध्ये बंदी घातली, चौकाचौकांत फलक लागले. पण स्वयंपाकघरातल्या तव्यावर कुठला कायदा पोचणार? तिथे आशाताई पोचते, नर्सबाई पोचते. आणि तिथेच आपली गाडी अडते. नोंदणीच्या वेळी विचारलं जातं, तंबाखू खाता का? बाई मान हलवते, नाही. ती खोटं बोलत नसते. तंबाखू नवरा खातो, ती फक्त दात घासते. कार्डावर "नाही" लागतं आणि नऊ महिने कुणी त्या विषयाकडे वळत नाही.

तेव्हा प्रश्न बदला. "मिश्री लावता का? दिवसातून किती वेळा? घरात भाजतं कोण?" असं सरळ विचारा, आणि पहिल्याच भेटीत विचारा. शक्य तिथे सासूला शेजारी बसवून विचारा, कारण डबी बहुतेक तिच्याच ताब्यात असते. कृपा करून बाईवर खेकसू नका. उन्हात दिवसभर खुरपताना मिश्रीनं भूक मरते, म्हणून ती लावणारी बाई आहे. तिला भाकरी द्यायची सोडून धाक कसला देता? सोडताना डोकं दुखेल, चिडचिड होईल, चार दिवस पोट साफ होणार नाही, हे तिला आधीच सांगायला हवं. नाहीतर तिसऱ्या दिवशी घरातलीच कुणीतरी म्हणेल, "बघ, मिश्री सोडलीस आणि त्रास सुरू झाला." पोटासाठी पालेभाजी, फळं, भरपूर पाणी, आणि तरीही अडलं तर डॉक्टर आहेत. तंबाखू सोडायला मदत करणारा सरकारी फोनही आहे, फुकट: १८००-११-२३५६. लसीकरणाच्या दिवशी उपकेंद्राच्या भिंतीवर हा नंबर ठळक लिहायला कुणाच्या मंजुरीची वाट बघायची?

आणि बाजारातून तंबाखू आणणाऱ्या बाप्यांनो, पुढच्या आठवडी बाजारात ती आणूच नका.