आपल्या नावाचा गैरवापर होत असल्याबाबत

रा. रा. धुकेराव यांस,
मुक्काम पालम, नवी दिल्ली (फक्त हिवाळ्यात)

सा. न. वि. वि.

आपल्या घराण्याशी माझी ओळख जुनी आहे, पण ती घाटातली. खंडाळ्याला आपली भावंडं पावसाळ्यात गाडीच्या काचेला नाक लावून उभी असतात. आम्ही गाडी बाजूला घेतो, कांदाभजी सांगतो, ती पुढे सरकली की आम्हीही सरकतो. त्यांच्यापायी माझा एक रुपया आजवर कुठे अडकलेला नाही. आपली गाठ मात्र पडली ती थेट गेल्या किंक्रांतीला, पहाटे पावणेचारला, मोबाइलवर. खराब हवामानामुळे आमचं दिल्ली-पुणे विमान रद्द झालं होतं आणि कंपनी दिलगीर होती.

करीच्या दिवशी प्रवासाला निघू नये असं मेहुणीनं बजावलं होतं. मी तिला विज्ञानयुगावर छोटंसं भाषण दिलं होतं. ते भाषण त्या पहाटे सौ.नं मला शब्दशः परत ऐकवलं. टॅक्सीतच.

विमानतळावर पोचलो तर काउंटरपुढे दोनएकशे माणसं. कुणाच्या खांद्यावर झोपलेलं पोर, कुणाच्या हातात गाजरहलव्याचा डबा, आमच्याकडे हळदीकुंकवाला उरलेल्या तिळगुळाची पिशवी. दीड तासानं नंबर लागला. काउंटरवरची मुलगी रात्रभर उभी असावी. डोळे लाल, पण बोलणं मऊ. म्हणाली, "सर, फोर्स मज्यूर है, हमारे हाथ में कुछ नहीं है."

सौ.नं मला कोपरानं ढोसून विचारलं, "कोण माजोर?"

धुकेराव, हा फ्रेंच शब्द आपल्याबद्दल वापरतात हे आपल्या कानावर घालावं म्हणून हा पत्रप्रपंच. माणसाच्या ताकदीपलीकडची घटना, असा त्याचा साधारण अर्थ. आमच्याकडे त्याला फार जुना आणि नेमका शब्द आहे: अस्मानी. पण तो आम्ही एकटा वापरत नाही, जोडीनं वापरतो, अस्मानी-सुलतानी. पाऊस पडला नाही ही अस्मानी, आणि तरीही सारा वसूल केला ही सुलतानी. दोन्ही एकाच वर्षी येतात, एकाच दारात उभ्या राहतात, म्हणूनच कुठली कुठली ते ओळखता आलं पाहिजे हे आमच्या पूर्वजांना कळत होतं. विमानकंपन्यांनी या जोडशब्दाचा पहिला अर्धा भाग तेवढा घेतलाय. दुसऱ्या अर्ध्याचं बिलही आपल्याच नावावर फाडतात.

उदाहरण देतो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, म्हणजे डीजीसीएचे, यासंबंधीचे नियम आहेत, सेक्शन ३, सीरीज एम, भाग ४. (ते मी गेट क्रमांक अमुकसमोर जमिनीवर बसून, सात टक्के बॅटरीत वाचले, तेव्हा माझ्या विद्वत्तेचं फार कौतुक नको.) वेळेत न कळवता उड्डाण रद्द केलं तर नुकसानभरपाई द्यावी लागते: तासाभराच्या उड्डाणाला ५ हजार, दोन तासांपर्यंतच्या उड्डाणाला साडेसात हजार, त्याहून लांबच्याला १० हजार, किंवा मूळ भाडं अधिक इंधन आकार, यातलं जे कमी असेल ते. मात्र कारण अस्मानी असेल तर ही भरपाई माफ. नैसर्गिक आपत्ती, पूर, यादवी, संप, सरकारी हुकूम, सगळे त्या माफीच्या यादीत आहेत. मलाही ते मान्य आहे. आपण उतरलात हा काही कंपनीचा गुन्हा नव्हे.

पण माफी झाली ती भरपाईची. तिकिटाचे पैसे कुठे माफ झाले? उड्डाण रद्द झालं की दुसरं विमान द्यायचं किंवा पूर्ण पैसे परत करायचे, आणि या दोहोंतलं प्रवाशाला चालेल ते. तिथं आपलं नाव घेऊन काही उपयोग नाही. सेवा दिली नाही तर तिचे पैसे ठेवता येत नाहीत, हे आमच्या कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यालाही कळतं. त्याची वीज गेली तर तो शर्ट न इस्त्री करता परत देतो. 'पुढच्या वर्षभरात कधीही इस्त्री करून घ्या' अशी चिठ्ठी हातात ठेवत नाही.

मला ती चिठ्ठीच मिळाली. "सर, अमाउंट आपके क्रेडिट शेल में आ जाएगा, एक साल वैलिड है." शेल म्हणजे शिंपला. आत मोती आहे यावर विश्वास ठेवून वर्षभर समुद्रकिनारी बसायचं. आणि गंमत अशी की त्याच नियमावलीच्या दुसऱ्या भागात स्वच्छ लिहिलंय, पैसे क्रेडिट शेलमध्ये ठेवायचे की नाही हा प्रवाशाचा अधिकार. कंपनीनं परस्पर तशी पद्धत पाडायची नाही. मी तो परिच्छेद मोबाइलवर त्या मुलीला दाखवला. तिनं नीट वाचला, पडदा मोठा करून. मग आपला मॉनिटर माझ्याकडे वळवला. त्यावर 'रिफंड'चं बटण करडं होतं, दाबलं जात नव्हतं. "सर, मेरे सिस्टम में ऑप्शन ही नहीं आ रहा." तिची काही चूक नव्हती. ज्यानं ते बटण करडं केलं तो त्या वेळी घरी रजई घेऊन झोपला होता, आणि त्याच्या घराबाहेर आपण होतात की नव्हतात कुणास ठाऊक.

भुकेचं म्हणाल तर सकाळी सातला प्रत्येकी एक कप उपमा मिळाला, कोरडा, गरम पाणी ओतून फुगवायचा. गरम पाण्याचं यंत्र एक. त्याच्यापुढे काउंटरपेक्षा मोठी रांग. एका मथुरेच्या आजोबांनी तो कोरडाच चमच्यानं खाल्ला आणि मला म्हणाले, चना समझ के खा लो.

आता आपल्यावरच्या खऱ्या अन्यायाकडे येतो. नऊ वाजता ऊन पडलं. शेजारच्या गेटवरून दुसऱ्या कंपनीचं विमान पुण्याला निघालं आणि आमच्या डोळ्यांदेखत गेलं. म्हणजे आपण फक्त आमच्याच विमानाभोवती उभे होतात काय? चौकशी केल्यावर कळलं, आमचं विमान रात्रीच लखनौला अडकलं होतं आणि चालकदलाचे ड्यूटीचे तास भरले होते. थकलेल्या वैमानिकानं उडवू नये हे योग्यच. पण राखीव दल ठेवायचं की नाही, एकाच विमानाला दिवसात किती फेऱ्या मारायला लावायच्या, हे वेळापत्रक काही हवामान खातं आखत नाही. गाठोडं सोडलं तर आत थोडी अस्मानी निघते आणि बरीचशी सुलतानी.

आपली शिस्त तर वाखाणण्यासारखी. वारा पडलेला, आभाळ निरभ्र, जमीन रात्री थंड, गंगेच्या मैदानात ओल, एवढं जुळलं की आपण येता. येणार हे सगळ्यांना माहीत असतं. इतकं की १० डिसेंबर ते १० फेब्रुवारी हा दिल्लीत आपला अधिकृत हंगाम म्हणून सरकारदरबारी नोंदलेला आहे. त्या काळात कॅट-थ्री पद्धतीनं उतरता येईल असं विमान आणि तसं प्रशिक्षण घेतलेले वैमानिकच दिल्लीला पाठवावेत अशी अपेक्षा असते. दिल्लीच्या धावपट्टीवर त्यासाठीची यंत्रणा आहे. धावपट्टीवरचं दिसणं ५० मीटरवर आलं तरी उतरता येतं. पण विमानतळ, विमान आणि वैमानिक तिघंही तयार हवेत, एक जरी नापास झाला तरी विमान जयपूरला. २०२३ च्या डिसेंबरअखेरीस अशा प्रशिक्षित वैमानिकांची नेमणूक केली नाही म्हणून डीजीसीएनं एअर इंडिया आणि स्पाइसजेटला प्रत्येकी ३० लाखांचा दंड केला. त्या विमानांतल्या लोकांना कारण काय ऐकवलं असेल? आपलंच नाव.

आणि १४ जानेवारी २०२४, ऐन भोगी-संक्रांतीचे दिवस. गोव्याहून दिल्लीला निघालेलं इंडिगोचं विमान आपल्यामुळे मुंबईला वळवलं. तासन्‌तास ताटकळलेले प्रवासी खाली उतरले आणि विमानाशेजारी, डांबरावर फतकल मारून जेवले. ते चित्रीकरण देशभर फिरलं. त्याबद्दल इंडिगोला नागरी विमान सुरक्षा ब्युरोनं १ कोटी २० लाखांचा दंड ठोठावला, मुंबई विमानतळालाही सोडलं नाही. प्रवाशांना त्यातलं काय मिळालं म्हणाल, तर डांबरावरचं वनभोजन. लगेच नवी कार्यपद्धती निघाली: आपल्यामुळे तीन तासांवर उशीर होणार असं दिसत असेल तर कंपनीनं उड्डाण आधीच रद्द करायला हरकत नाही. गर्दी टळावी हा हेतू चांगला. पण रद्द करण्याची मोकळीक अशी झटपट मिळते, आणि पैसे परत करायचं बटण करडं राहतं.

आपल्याला वाटेल, हा माणूस सगळंच कंपनीवर ढकलतोय. तसं नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा विमानतळ बंद पडला म्हणून कुणी शहाणा भांडला नसेल. आणि आपले ते दूरचे नातेवाईक, ज्वालामुखीची राख. २४ जून १९८२ ला ब्रिटिश एअरवेजचं एक जंबो, आमच्या मुंबई-मद्रासवरूनच पुढे गेलेलं, जावाजवळ गालुंगगुंगच्या राखेत शिरलं आणि चारही इंजिनं बंद. राख म्हणजे चुलीतली नव्हे, दगडाची नि काचेची पूड. इंजिनात ती वितळते आणि पात्यांवर जाऊन बसते. खाली येता येता इंजिनं कशीबशी सुरू झाली, जकार्ताला उतरले. अशा वेळी विमान उडवलं नाही म्हणून तक्रार करणाऱ्याला मी स्वतः रांगेतून बाहेर काढीन.

तसल्याच राखेनं १४ एप्रिल २०१० पासून युरोप बंद पाडला. आइसलंडचा तो ज्वालामुखी, एयाफ्यात्लायोकुत्ल. त्याचं नाव घेणं हेच वृत्तनिवेदकांना जड गेलं, दावा कुठून लावणार? लाखभर उड्डाणं रद्द, कोटीभर माणसं अडकली. त्यात पोर्तुगालच्या फारोहून डब्लिनला निघालेल्या एक बाई होत्या. आठवडाभर अडकल्या. राहण्या-जेवण्याचा खर्च सुमारे ११३० युरो, तो त्यांनी रायनएअरकडे मागितला. कंपनीचं म्हणणं साधारण आमच्या काउंटरसारखंच: हे नुसतं असाधारण नाही, त्याच्याही पलीकडचं आहे. प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत गेलं. ३१ जानेवारी २०१३ ला निकाल लागला, की 'असाधारणाहून असाधारण' असा काही वेगळा वर्ग कायद्यात नाही. भरपाई माफ, ठीक. पण अडकलेल्या माणसाला जेवण आणि निवारा द्यायचा, आणि त्याला दिवसांची मर्यादा नाही की पैशांची. खर्च वाजवी असावा एवढंच. आणि कंपनीला परवडत नसेल तर तिनं आधीच हिशेब करून भाड्यात धरावा.

मला हा निकाल आवडला तो बाईंच्या पैशांमुळे नव्हे. त्यानं ज्वालामुखीला साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून सोडून दिलं. राख कितीही उंच जावो, माणूस जमिनीवर आहे, त्याला रात्री झोपायला जागा लागते, आणि ती देणं अस्मानाचं काम नाही.

धुकेराव, आपल्याकडे माझी मागणी छोटी आहे. विमानतळावरच्या हवामान कार्यालयात दर अर्ध्या तासाला आपली नोंद होते: किती दाट, किती मीटर दिसतं. यापुढे ज्या विमानाच्या रद्दपत्रावर आपलं नाव असेल, त्याला ती नोंद जोडल्याशिवाय आपण नाव वापरू देऊ नये. अमुक वाजता आलो, अमुक वाजता गेलो, खाली सही. आपण गेल्यानंतरच्या तासांसाठी त्यांनी दुसरा कुणी शोधावा. वाटल्यास आपण गैरवापराबद्दल मानहानीचा दावा लावावा, साक्षीला मी येईन. रेल्वेनं.

आमचे पैसे आले. शिंपला नाकारून, विमान मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाकून, तीन ई-मेल आणि एका अतिशय सुरेल प्रतीक्षा-संगीतानंतर, बाविसाव्या दिवशी. निघताना त्या काउंटरवरच्या मुलीला सौ.नं पिशवीतला तिळगुळाचा लाडू दिला. गोड बोल असं तिला सांगायची गरज नव्हती; ती चार वाजल्यापासून तेवढंच करत होती. तिनं लाडू टिश्यूत गुंडाळून कीबोर्डच्या मागे ठेवला आणि म्हणाली, "नेक्स्ट, प्लीज."

कळावे, लोभ नसला तरी चालेल.

आपला,
१४ एफ (खिडकीजवळची जागा, २५० रुपये जादा देऊन)

ता. क. : परत आलेल्या पैशांतून दोघांचे मिळून ७०० रुपये 'सुविधा शुल्क' म्हणून कापले आहेत. आपण पहाटे तिथंच होतात. ही सुविधा आपल्याला कुठे दिसली असल्यास कृपया कळवावं. आम्हाला आपल्यामुळे दिसली नसेल.