मशीनचे दात

गोधडीला टाका एकच लागतो. सरळ धावदोरा. कडेने सुरू करायचं आणि फिरत फिरत मध्यापर्यंत यायचं. असं असताना शिलाई मशीनच्या दुकानातला मुलगा मला टाक्यांवर टाके दाखवत होता. नागमोडी टाका, पानांचा टाका, बदकांच्या रांगेचा टाका. "ताई, बदक बघा ना." मी बदक बघितलं. गोजिरवाणं होतं. पण गोधडीच्या चार थरांवरून ते पोहत जाईल का, एवढंच मला हवं होतं.

आम्ही शहाद्याचे. गोधडीचे वर्ग नंदुरबारला, आणि अट अशी की मशीन ज्याची त्याने आणायची. म्हणजे मशीन एसटीत चढली पाहिजे, प्रकाशा गावच्या पुलावरून तापी ओलांडली पाहिजे, नंदुरबारच्या स्टँडवर उतरली पाहिजे आणि संध्याकाळी तशीच माघारी आली पाहिजे. 17 मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. मशीनलाही आपण 'ती'च म्हणतो, पण कंडक्टर काही ते ऐकून घेणार नाही.

घरात मशीन नाही असं नाही. सासूबाईंची आहे, पायाची, काळी, सोनेरी वेलबुट्टीची. तिच्या पावतीवर 'जि. धुळे' लिहिलंय, म्हणजे ती 1 जुलै 1998 च्या आधीची. त्या दिवशी अख्खा नंदुरबार जिल्हा धुळ्यातून बाहेर पडला, पण ही मशीन कोपऱ्यातून तसूभर हलली नाही. नुसतं वरचं बिडाचं डोकंच 11-12 किलोचं, खालचा सांगाडा वेगळा. शिवाय तिच्यावर सध्या मिक्सर, सासूबाईंच्या गोळ्या आणि गॅसची पुस्तकं असा संसार आहे. तो उठवायचा म्हणजे पुनर्वसनाचा प्रश्न, आणि आमच्या जिल्ह्यात त्या प्रश्नाला किती वर्षं लागतात ते नर्मदाकाठच्या लोकांना विचारा.

शेजारच्या वहिनींनी मोबाइलवरून मागवलेली एक मशीन आणून दाखवली. वजन किलोच्या आत, रंग जांभळा, चालते सेलवर. रुमालाची कड तिने झकास घातली. मग आम्ही तिच्यात गोधडीचा कोपरा सरकवला, तर उरलेल्या गोधडीच्या ओढीने मशीनच टेबलावरून खाली उतरली. हे सगळं पाहत बसलेल्या वहिनींच्या सासूबाईंनी विचारलं, "हाई मशीन शे का खेळनं?" वहिनी त्या दिवसापासून तिला मशीन म्हणत नाहीत.

कोणी म्हणालं, विश्वकर्मा योजनेत अर्ज भरा. सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या त्या योजनेतल्या 18 व्यवसायांत शिंपीकाम आहे आणि अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत मिळते. पण आमचे हे जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, आणि सरकारी नोकरदारांच्या घरच्यांना ती योजना नाही. ते बरोबरच आहे. धडगावकडच्या ज्या बाईचं पोट शिवणावर चालतं तिच्या वाट्याची मशीन मास्तरणीने का उचलावी? कोणी म्हणालं, हाताने फिरवायची घ्या, लाइटीची भानगड नको. पण उजवा हात मुठीवर गेला की चार थर सांभाळायला डावा एकटाच उरतो. आणि थर सगळ्यांत आधी त्यालाच ओळखतात.

या हाताच्या मशीनवरून गांधीजी आठवले. 1924 साली एका तरुणाने त्यांना विचारलं, की तुमचा सगळ्याच यंत्रांना विरोध आहे का? तेव्हा त्यांनी सिंगरचं शिवणयंत्र अपवाद म्हणून बाजूला काढलं. बायको हाताने शिवून शिवून थकते हे पाहून प्रेमापोटी सिंगरने ते बनवलं, असं ते म्हणाले. कोणत्या बायकोवरच्या प्रेमापोटी, हे मात्र त्यांना कोणी सांगितलेलं दिसत नाही. आयझॅक सिंगरचे एकाच वेळी दोन-तीन संसार चालू असत आणि मुलं विसाच्या वर होती. 1851 साली त्याने पेटंट घेतलं खरं, पण लॉकस्टिचचं पेटंट एलियास हाउने 1846 मध्येच घेऊन ठेवलेलं. कोर्टकचेरी झाली आणि सिंगरला पैसे मोजावे लागले. त्याच्या कंपनीची खरी कमाल पुढेच आहे. तिने मशीन हप्त्याने विकायला सुरुवात केली. एवढ्या घरांचे कपडे शिवायचे म्हटल्यावर मशीन आणि हप्ता दोन्ही सुचणारच, असं आमच्या ह्यांचं मत.

शेवटी आप्पा म्हणाले, मी येतो. आप्पा म्हणजे माझे सासरे. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेतला घोडेबाजार त्यांनी लहानपणापासून चुकवलेला नाही. घोडा मात्र एकही घेतलेला नाही. त्यामुळे त्यांची नजर अजून निर्मळ आहे. "घोडा आणि मशीन सारखीच," ते एसटीत म्हणाले. "रंग बघू नये, दात बघावे."

मिरच्यांचा हंगाम होता. नंदुरबारबाहेरच्या पथाऱ्या लालभडक झालेल्या आणि वाऱ्यावर असा काही खाट, की दुकानदार, बदकवाला मुलगा आणि आम्ही, सगळेच शिंकत व्यवहार करत होतो. मुलाने कडक पांढऱ्या कापडाची दुपदरी चिंधी घेतली आणि सर्रकन शिवून दाखवली. त्या चिंधीवर कुठलीही मशीन चालते. जांभळीसुद्धा चालली असती. मी पिशवीतून माझा तुकडा काढला. खाली धोतर, मधे लुगड्याचे दोन पदर, वर सुरतेहून किलोवर येणाऱ्या साड्यांच्या कटपीसचा थर. सुरतेचं हे कापड स्वस्त आणि बुळबुळीत. खालचा थर दात ओढून नेतात आणि वरचा फुटाखाली मागे राहतो.

आप्पांनी चष्मा लावला, मशीनचा फूट उचलला आणि खाली वाकून खरोखरच दात मोजले. कापड पुढे सरकवणाऱ्या त्या दातेरी पट्ट्या. "याचे झिजतात का?" त्यांनी विचारलं. मुलगा गप्प. त्याला सगळे बदकंच विचारतात. मग आप्पांनी फुटापासून खांबापर्यंतच्या जागेत वीत घालून पाहिली. जेमतेम मावली. मला त्यांचं कौतुक वाटलं, कारण गोधडीसाठी खरी गोष्ट हीच. मध्यापर्यंत येताना जवळजवळ अर्धी गोधडी गुंडाळून त्या बोळातून न्यावी लागते. बोळ अरुंद असेल तर मशीनला कितीही टाके येत असोत, गोधडी मधोमध अडकून बसते.

16 नंबरची सुई लावायला लावली, टाका लांब करून घेतला, फुटाचा दाब कमी करता येतो का ते विचारलं. बदकवाली चार थरांवर घुरघुरली आणि थांबली. दुसरी, तिच्यापेक्षा साधी, साडेपाच-सहा किलोची, हळूहळू का होईना पण गेली. फक्त जाताना टेबलावरून स्वतःही थोडी पुढे सरकली. हलक्या मशीनची ही खोड असतेच. खाली रबरी चटई अंथरली की ती निमूट बसते.

मग भाव. आप्पांनी माझा गोधडीचा तुकडा दुकानदाराच्या हातावर टाकला आणि त्याखाली हात घालून त्याची बोटं धरली. घोडेबाजारात असाच भाव ठरतो, रुमालाखाली, चारचौघांना कळू न देता. दुकानदार घाबरला. "बाबा, फोनवरून पैसे दिले तरी चालतील," तो म्हणाला. आप्पांनी आणखी एक बोट दाबलं. तो मोठ्याने शिंकला आणि साडेनऊ हजारांवर आला. मिरची की बोट, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

वर्गात पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, की मशीन लागेल ती चिंध्या जोडून वरचा थर तयार करायला. थरावर थर ठेवून धावदोरा घालायचा तो हातानेच. त्याशिवाय गोधडीला तो चुरगळलेला मऊपणा येत नाही. म्हणजे चार थरांची परीक्षा मशीनला फुकटच द्यावी लागली. पण जोडकामाला ती इतकी सरस निघाली, की धडगावहून चांदसैलीचा घाट उतरून आपली 12 किलोची मशीन आणणाऱ्या मावशींनी दुसऱ्या आठवड्यापासून ती घरीच ठेवली. तळोद्याच्या दोघींनीही. हलकी मशीन घेतल्याचा फायदा असा, की ती कोणीही एका हाताने उचलून आपल्यापुढे नेऊ शकतं. माझी पाळी साधारण चार वाजता येते. साडेचारची एसटी असते. तोवर मी खिडकीशी बसून हातानेच चिंध्या जोडते, आणि मावशी मधूनमधून मान वर करून सांगतात, "ताई, तुमचा टाका सुधारला हां."