लग्नपत्रिकेतली बढती

लष्करात हवालदाराचा सुभेदार व्हायला वर्षे लागतात. साताऱ्याकडे एक लग्नपत्रिका पुरते. हवालदार म्हणून पेन्शनीत आलेले आबा थोरलीच्या लग्नात ‘सुभेदार’ छापले जातात, धाकटीच्या लग्नात ‘कॅप्टन’.

असे आबा घरोघरी आहेत. नोकरी गेली आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये. पीठ, डाळ, पेट्रोल पोचवणारे हे दल नसते तर कुठलीच लढाई दुसऱ्या दिवसापर्यंत टिकली नसती. पण याच जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाने पहिल्या महायुद्धात ४६ माणसे गमावली आणि गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ जोडले गेले. अशा शेजारात पिठाची पोती मोजून आलो, हे कोण सांगेल?

त्यामुळे १९७१ च्या डिसेंबरात आबा लोंगेवालाला असतात. ४ तारखेच्या रात्री त्या चौकीवर २३ पंजाबचे जेमतेम १२० जवान होते. १९९७ साली त्या लढाईवरचा ‘बॉर्डर’ सिनेमा लागला, तेव्हापासून तिथे कुमक पोचतेच आहे. १६ तारखेला हेच आबा ढाक्यात. पाकिस्तानी सेनापती नियाझींच्या शरणागतीच्या सहीच्या फोटोत ते दिसत नाहीत, कारण पुढचा अधिकारी उंच. बारा दिवसांत वाळवंटातून ढाका कसा गाठला, हे नातवंडांनी विचारायचे नसते.

आजी विचारत नाही, सांगते. “डिसेंबरात ह्यांचं पत्र देवळालीहून आलं होतं. थंडी फार पडलीय, स्वेटर धाड म्हणून.”

अमेरिकेत जोसेफ एलिस हे पुलित्झर विजेते इतिहासकार विद्यार्थ्यांना आपल्या व्हिएतनाममधल्या दिवसांच्या कथा ऐकवत. प्रत्यक्षात ते वर्दीत असताना वेस्ट पॉइंटला इतिहास शिकवत होते. हे उघड करायला २००१ मध्ये ‘बोस्टन ग्लोब’ला बातमी छापावी लागली, कॉलेजने त्यांना वर्षभर बिनपगारी घरी बसवले. आजीचा खर्च एका वाक्याचा.

आबांची पदके मात्र अस्सल. एक स्वातंत्र्याच्या पंचविशीचे: १५ ऑगस्ट १९७२ रोजी जो जो नोकरीत होता, त्याला मिळाले. दुसरे नऊ वर्षे नोकरी केल्याचे. नातवंडांच्या हिशेबी दर पदकामागे एक रणगाडा.

कॅन्टीनवाले तेवढे पत्रिका वाचत नाहीत. तिथे रमचा कोटा हुद्द्यावर ठरतो. कॅप्टन सासऱ्यांच्या भरवशावर पिशवी घेऊन आलेल्या धाकट्या जावयांनी बाटल्या पुन्हा मोजल्या. “आबा, एवढ्याच?”

“बाकीच्या सियाचीनला पाठवायला सांगितल्या,” आबा म्हणाले.