पिवळ्या दुपट्ट्यास पत्र

मा. भाऊसाहेब यांस,
वर्धा जिल्ह्यातल्या कारंजा (घाडगे) येथून,

9 ऑगस्टचं, जागतिक आदिवासी दिनाचं, तुमचं भाषण ऐकलं. ऐकावंच लागलं, कारण नाश्ता भाषणानंतर होता. ‘ही भूमी मूळनिवासींची, आपण इथे पाहुणे’ हे वाक्य तुम्ही दोनदा म्हणालात. पहिल्या वेळी फोटोवाला जागेवर नव्हता. गळ्यात पिवळा दुपट्टा, आरंभी गोंडांचं ‘जय सेवा’, अखेरीस ‘जय सेवा’ आणि मधली पस्तीस मिनिटं तुमच्याच संस्थेचा वार्षिक अहवाल. पाहुण्यानं माइक इतका वेळ धरून ठेवलेला आम्ही तरी पहिल्यांदाच पाहिला.

भूमीला असं वंदन करायची रीत तुम्ही टोरोंटोला मुलाकडे गेला होतात तेव्हा पाहिलीत, हेही तुम्हीच सांगितलंत. तिथे शाळेत रोज सकाळी, सभेच्या सुरुवातीला, ही जमीन कोणाची ते म्हणतात. खरं आहे. पण भाऊसाहेब, गोष्ट अर्धीच आणलीत. टोरोंटोची जमीन ज्या करारानं इंग्रजांनी घेतली त्याला क्रमांक आहे, 13. साल 1805. तिथल्या मूळनिवासी मिसिसागा लोकांची 2,50,830 एकर जमीन, किंमत 10 शिलिंग. त्यांच्या वंशजांनी तो कागद सोडला नाही, भांडत राहिले, आणि 2010 मध्ये कॅनडा सरकारला 14.5 कोटी डॉलर मोजावे लागले. टोरोंटोच्या सरकारी शाळांतलं रोजचं वंदन त्यानंतरचं, 2016 चं. म्हणजे आधी कागद, मग पैसे, मग वंदन. तुम्ही बॅग भरताना वंदन तेवढं घेतलंत. विमानात वजनाची मर्यादा असते, समजू शकतो.

चहाच्या वेळी मी विचारलं तर तुम्ही म्हणालात, ‘आपल्याकडे कुठे तह झाले होते?’ झाले होते की. 17 डिसेंबर 1803 ला देवगावात दुसरे रघुजी भोसले आणि इंग्रज यांच्यात झाला, आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला. नदीच्या अल्याड-पल्याड राहणाऱ्या गोंडांना कोणी विचारलं नाही. त्याआधी देवगडचं गोंड राज्य भोसल्यांकडे आलं तेव्हाही नाही. ज्या बख्त बुलंद शाहनं नागपूर वसवलं, त्याच्या घराण्याकडे राजा हे नाव तेवढं उरलं. तेव्हा तुमचं अर्धं बरोबर आहे. तह झाले, गोंडांशी नाही झाले.

पण तहाच्या जवळपास जाणारा एक कागद आपल्याकडे आहे. तुम्ही तीस वर्षं ‘तळागाळात’ काम करता म्हणून विचारतो, निस्तार पत्रक कधी हातात घेऊन पाहिलंत? मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, 1951 मध्ये गेली, तेव्हा वर्धा मध्य प्रदेशात होतं. मालगुजाराचं रान सरकारजमा झालं. मग गावानं सरपण कुठून आणायचं, ढोरं कुठे चारायची, घराला बल्ल्या कुठल्या तोडायच्या? हे सगळं गावाला विचारून लिहून ठेवायचा तो कागद. पाणी, पायवाटा, मासेमारीच्या रूढींसाठी दुसरा, वाजिब-उल-अर्ज. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 काढा. कलम 161 आणि 165, दोन्ही आजही तिथेच आहेत. 2006 च्या वनहक्क कायद्यात सामूहिक हक्कांची सुरुवातच ‘निस्तार’ या शब्दानं होते. दिल्लीच्या कायद्यानं तलाठ्याच्या दप्तरातला शब्द उचलला आणि तुमच्या पस्तीस मिनिटांत तो एकदाही आला नाही.

आला तो पेसा कायदा. ‘पेसामुळे इथली ग्रामसभाच राजा!’ टाळ्या छान पडल्या. पेसा अनुसूचित क्षेत्राला लागू आहे, भाऊसाहेब, आणि वर्धा जिल्ह्यात अनुसूचित क्षेत्र नाही. इथे चालतो तो वनहक्क कायदा. त्याच कायद्यानं 2009 मध्ये मेंढा (लेखा) या गडचिरोलीतल्या गावाला आपल्या जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. आमच्या शेजारच्या बोरच्या जंगलाला 2014 मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. वाघानं कुठलाही नमुना भरला नव्हता, तीन प्रतींत तर नाहीच. माणसाला मात्र भरावा लागतो. आदिवासी नसलेल्या नंदगवळ्याला तर तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा पुरावा लागतो.

गवळ्यावरून आठवलं, तुमची वृक्षलागवड. आर्वी, आष्टी, कारंजा हा गवळाऊ गाईचा मुलूख. पांढरी, लांब तोंडाची, चालायला चपळ. हेटीकुंडीला सरकारनं तिच्यासाठी पैदास केंद्र काढलं ते 1946 साली, म्हणजे गाय तुमच्या संस्थेपेक्षा बरीच जुनी कार्यकर्ती आहे. ती ज्या रानात चरायची तिथे तुम्ही चारी बाजूंनी खंदक खणलात, तारा ओढल्या आणि फाटकाला कुलूप लावलंत. मी मुद्दाम जाऊन पाहिलं. फलक मोठा आहे. वर देणगीदार कंपनी, खाली तुमची संस्था, मग उद्घाटकांची सात नावं, आणि सगळ्यात शेवटी गावाचं नाव, तेही चुकीचं. एक गाय खंदकाच्या काठाशी पाय रोवून पलीकडचं गवत पाहत उभी होती. पाहुणा कोण आणि घरचं कोण, हे तिला कोणी समजावून सांगितलेलं दिसलं नाही.

त्याच गावची एक म्हातारी तुमच्या सभेत पाचव्या रांगेत बसली होती. गोंडाची बाई, सकाळच्या एसटीनं आलेली. मांडीवर प्लास्टिकची पिशवी, तिच्यात नमुना ‘क’ची, म्हणजे गावाच्या सामूहिक दाव्याची प्रत. घड्यांवर फाटलेली. तुमचं भाषण रंगात आलं तेव्हा तिनं मला विचारलं, ‘बावा, हे कोनाले द्याचं?’ मी म्हणालो, साहेबांचं होऊ दे. तुमचं झालं. मग सत्कार झाले. मग तिलाच मंचावर बोलावलंत, मला वाटलं आता बोलू देतील. तुम्ही तिच्या हातात एक रोप ठेवलंत आणि झाड कसं लावायचं, कसं जगवायचं, हे तिला माइकवरून समजावून सांगितलंत. जंगलात साठ-सत्तर पावसाळे काढलेल्या बाईला! ती हसली, आणि नेमका तोच फोटो तुमच्या अहवालाच्या मुखपृष्ठावर आहे.

तेव्हा एक विनंती. पुढच्या 9 ऑगस्टला दुपट्टा नसला तरी चालेल, भाषण नसलं तर फारच बरं. तहसील कार्यालयात नकलेचा अर्ज करा आणि त्या एका गावाचं निस्तार पत्रक काढून आणा. ‘सापडत नाही’ म्हणतील. पुन्हा जा, माइक धरता तितक्याच चिकाटीनं. नक्कल मिळाली की ती मंचावरून मोठ्यानं वाचा. कोणत्या रानात कोणाची ढोरं चरायची ते सगळ्यांना ऐकू जाऊ द्या. तुमचा खंदक त्यात कुठे येतो, तेही तिथेच कळेल. फाटकाची किल्ली खिशात असू द्या.

आपला,
मागच्या रांगेतला एक कारंजेकर

ता. क. म्हातारीची पिशवी माझ्याकडे आहे. आतल्या कागदांच्या झेरॉक्स काढल्यात, तुमच्यासाठी एक जास्तीची. तुम्ही दिलेलं रोप तिच्या शेळीनं दुसऱ्याच दिवशी खाल्लं.