आमचं घर ॲमस्टरडॅमला असतं

आमच्या घरात खासगीपणा नावाची वस्तू कधी नव्हतीच. न्हाणीघराची कडी ओढून धरावी लागते आणि माझ्या पगाराचा आकडा तळमजल्यावरच्या काकूंनाही पाठ आहे. अशा घराच्या इंटरनेटला तरी खासगीपणा मिळावा, या उदात्त हेतूने मी राउटरवर व्हीपीएन बसवायचं ठरवलं.

"इंटरनेट देणाऱ्या कंपनीला कळतं आपण कुठल्या कुठल्या साइटवर जातो ते," मी आईला म्हणालो.

"कळू दे की! आपण असं काय बघतो?"

घरात पंचांग, मालिका आणि डाळढोकळीच्या रेसिपी एवढंच बघितलं जातं. त्यामुळे या प्रश्नाला तात्त्विक उत्तर द्यावं लागलं, आणि तात्त्विक उत्तर ऐकायला आमच्याकडे कोणी थांबत नाही.

फोनमध्ये ॲप टाकलं असतं तर चहा उकळेपर्यंत काम झालं असतं. पण ते कोणीही करतं. राउटरवरच व्हीपीएन बसवलं की घरातलं प्रत्येक यंत्र, त्याची इच्छा असो वा नसो, कुलूपबंद बोगद्यातून बाहेर पडतं. मात्र कंपनीने दिलेल्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे राउटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, ही सोय बऱ्याचदा नसते. मग ते काढून ओपनडब्ल्यूआरटीसारखं मोकळं फर्मवेअर घालायचं. याचा इतिहास मी बायकोला जेवताना सांगितला. २००२च्या अखेरीस लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी५४जी हा निळा-काळा राउटर आला. त्याच्या पोटात लिनक्स निघालं. लिनक्सच्या परवान्यानुसार कंपनीला २००३मध्ये सोर्स कोड खुला करावा लागला आणि त्यातूनच २००४मध्ये ओपनडब्ल्यूआरटीचा जन्म झाला. "भाजी घे," बायको म्हणाली.

फर्मवेअर बदलताना वीज गेली तर राउटर कायमचा झोपू शकतो. पुण्यात देखभालीसाठी वीज जायचा वार गुरुवार, म्हणून मी बुधवार धरला. सगळं निर्विघ्न पार पडलं. नव्या फर्मवेअरमध्ये वायफाय मुळात बंदच असतं आणि ते आपण हाताने चालू करायचं असतं. हे मला ठाऊक होतं, पण घरच्यांना नव्हतं. मालिकेच्या ऐन वेळी हे ज्ञान वाटत बसणं जड गेलं.

मग बोगदा सुरू झाला. त्याचं दुसरं टोक ॲमस्टरडॅमच्या सर्व्हरवर निघत होतं, त्यामुळे इंटरनेटच्या लेखी आमचं घर ॲमस्टरडॅमला गेलं. आईला भजनाआधी कपड्यांच्या साबणाची जाहिरात डच भाषेत दिसू लागली. तिला ती मराठी जाहिरातीपेक्षा बरी वाटली, कारण सासू-सून भांडत नव्हत्या. मालिका मात्र 'तुमच्या भागात उपलब्ध नाही' झाली. बायकोच्या बँकेला तिचा संशय येऊ लागला. साध्या साध्या साइट 'तुम्ही माणूस आहात का?' असं विचारून झेब्रा क्रॉसिंगचे चौकोन निवडायला लावू लागल्या. जन्म पुण्यात गेलेल्या बाईने झेब्रा क्रॉसिंग ओळखायचं तरी कशावरून?

"अरे, आपल्याला भारतात आण ना परत," बायको म्हणाली. तेही सोपं नव्हतं. २०२२च्या एप्रिलमध्ये सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं जपून ठेवायला सांगितलं. तेव्हा कित्येक बड्या कंपन्यांनी इथले सर्व्हर उचलले आणि काहींनी 'भारत' नावाचा सर्व्हर सिंगापूरला ठेवला. म्हणजे सिंहगड रोडवरून निघालेल्या माहितीने भारतीय होण्यासाठी सिंगापूरला जायचं!

खरी गंमत गुरुवारी आली. राउटरमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ सहसा नसतं. वीज येऊन तो जागा झाला तो मागच्याच कुठल्या तरी तारखेत. सर्व्हरचं प्रमाणपत्र त्याच्या हिशोबाने अजून लागूच झालं नव्हतं, म्हणून बोगदा उघडेना. बरोबर वेळ इंटरनेटवरून घ्यावी, तर बोगद्याशिवाय बाहेर पडायला मीच बंदी घातलेली. दाखल्यासाठी रेशनकार्ड आणि रेशनकार्डासाठी दाखला मागणाऱ्या कचेरीसारखा आमचा राउटर शांत बसून राहिला. वेळ हाताने भरली, तेव्हा घर पुन्हा युरोपात पोचलं.

वेगाचं म्हणाल, तर राउटरचा प्रोसेसर बिचारा लहान. ओपनव्हीपीएनचं कुलूप लावता-काढताना शंभराच्या लाइनचे पंधरा-वीस हाती येत. मग मी वायरगार्डवर गेलो. ते २०२०मध्ये लिनक्सच्या गाभ्यातच सामील झालेलं आणि बरंच चपळ. त्या वेगाचं कौतुक मी एकट्यानेच केलं.

शेवटी तह झाला. ओपनडब्ल्यूआरटीत कोणतं यंत्र बोगद्यातून जाईल आणि कोणतं थेट, हे ठरवता येतं. टीव्ही, आईचा टॅब आणि बायकोचा फोन मायदेशी परतले. ॲमस्टरडॅमला आता फक्त माझा लॅपटॉप असतो. त्यावर मी राउटरचे व्हिडिओ बघतो, आणि ते कोणालाही कळत नाही.

खरं सांगायचं तर व्हीपीएनने बघणारा नाहीसा होत नाही, बदलतो. कुलूपवाल्या साइटवर आपण काय वाचतो ते आधीच्या कंपनीलाही दिसत नव्हतं. कुठे जातो तेवढं दिसायचं, ते आता दुसरी कंपनी बघते. तिच्यावर विश्वास असेल तर राउटरवर व्हीपीएन जरूर बसवा. फक्त वायफायची दोन नावं ठेवा, एक बोगद्याचं आणि एक घरच्यांचं. आणि काहीही झालं तरी मालिका संपल्याशिवाय राउटरला हात लावू नका.