फाइल कोण वाचणार?

सोलापुरात एखाद्या मुलाचं दुखणं चटकन उमगलं नाही की पहिला सल्ला ठरलेला: पुण्याला न्या. पुण्याचे म्हणतात, मुंबईला केईएमला दाखवा. शेजारपाजारचं कुणीतरी हैदराबाद सुचवतं, आणि तेही चूक नाही. जनुकीय तपासण्या करणाऱ्या सीसीएमबी आणि सीडीएफडी या केंद्र सरकारच्या संस्था तिथंच आहेत. मूल फिरत राहतं, फाइल फुगत जाते. ती फाइल पहिल्या पानापासून सांभाळणारं माणूस एकच, मुलाची आई. आणि तिलाच ती वाचता येत नाही, कारण आतलं सगळं इंग्रजीत.

मूल दीड वर्षाचं झालं तरी मान धरत नाही, अधूनमधून झटके येतात, वजन वाढत नाही. अशा मुलाला एक डॉक्टर पुरत नाही, हे मान्य. मेंदूचे वेगळे, हृदयाचे वेगळे, डोळ्यांचे वेगळे. पण प्रत्येक जण आपल्यापुरतं बघतो, दोन तपासण्या लिहितो आणि ‘रिपोर्ट घेऊन या’ म्हणतो. ते सगळे रिपोर्ट शेजारी शेजारी मांडून विचार करायचा कुणी? हे काम कुणाकडेच सोपवलेलं नाही.

तपासणी म्हणजे नुसतं रक्त देऊन यायचं, असं ज्यांना वाटतं त्यांनी झोपेतला ईईजी एकदा जवळून बघावा. आदल्या रात्री मुलाला जागं ठेवायचं. केस धुवायचे, तेल लावायचं नाही. सकाळी त्या किरकिऱ्या पोराला झोपेचं औषध पाजून मांडीवर थोपटायचं. डोळा लागतो न लागतो तोच डोक्याला चिकट पेस्ट लागते, ते दचकून उठतं, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. घरी आल्यावर ती पेस्ट केसांतून काढता काढता रात्र होते. सोलापूरजवळच्या कुंभारीच्या विडी कामगार घरकुलातली आई हे करते त्या दिवशी तिच्या विड्या होत नाहीत. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबानं, सुट्टीचा पगार कुठला? मग दुसऱ्या दवाखान्यात सांगतात, जुना ईईजी चालणार नाही, नवा काढा. कधी त्याला खरंच कारण असतं, झटक्यांची तऱ्हा बदललेली असते. मग तेवढं तिला सांगा ना! एका वाक्यात सांगून होतं.

‘नात्यातलं लग्न आहे का?’ हा प्रश्नही असाच अर्धवट विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. मामाच्या मुलीशी लग्न ही आपल्याकडची जुनी रीत. पण प्रश्न विचारून डॉक्टर कागदावर खूण करतात आणि पुढं काही बोलत नाहीत. घरी गेल्यावर दोष सुनेच्या माथी. नात्यातल्या लग्नात ज्यांची भीती वाढते अशा बहुतेक आजारांत बिघडलेल्या जनुकाची एक प्रत आईकडून आणि एक बापाकडून यावी लागते, तेव्हाच मूल आजारी पडतं. दोघांकडेही अशी एकेक प्रत असेल तर प्रत्येक गरोदरपणात ही शक्यता चारात एक. बापाचा वाटा नेमका निम्मा. हे सासूसमोर, नवऱ्यासमोर मोठ्यानं सांगणं हा उपचाराचाच भाग आहे.

हल्ली एक्झोम तपासणी, म्हणजे अनेक जनुकांची एकत्र तपासणी, लिहून देतात. हजारो रुपये भरायचे, काही आठवडे वाट बघायची, आणि अहवालात येतं ‘काही सापडलं नाही’. आईबापांना वाटतं, सुटलो. पण स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी, ड्यूशेन, फ्रॅजाइल एक्स या आजारांसाठी बहुतेक वेळा वेगळ्या तपासण्या लागतात. एक्झोमच्या त्याच माहितीचं वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा विश्लेषण केलं तर उत्तर सापडूही शकतं. हे पैसे भरायच्या आधी सांगायचं की नंतर?

केंद्राचं दुर्मीळ आजार धोरण २०२१ साली आलं. २०२२ मध्ये मदतीची मर्यादा रुग्णामागं ५० लाखांपर्यंत वाढली, आणि त्यासाठीच्या ठरलेल्या केंद्रांत मुंबईचं केईएम आहे. उत्तम झालं. पण ते पैसे उपचाराचे. तिथवर पोचायला आधी आजाराचं नाव कळायला हवं, आणि नाव कळेपर्यंतचा प्रवास घरच्यांच्या खिशातून. अंगणवाडीत आणि शाळेत मुलं तपासणारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं २०१३ पासून आहेत. ती मूल शोधतात, पुढं पाठवतात. पाठवल्यानंतर शेवटपर्यंत हात धरणारं कुणीतरी हवं.

म्हणून मागणी साधी आहे. सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलच्या बालरोग विभागात अशा प्रत्येक मुलामागं एका डॉक्टरचं नाव लागलं पाहिजे, फाइल त्याची जबाबदारी. आणि महिन्यातून एक दिवस केईएमच्या जनुकतज्ज्ञांनी तिथं ओपीडी घ्यावी. चारशे किलोमीटर एका डॉक्टरनं यावं, की झटके येणाऱ्या प्रत्येक पोरानं जावं?

तोवर आईबापांनो, दोन गोष्टी करा. कागद मागा. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत नोंदी द्याव्याच लागतात. आणि नवी तपासणी लिहिली की विचारा: यात काय शोधताय, आणि रिपोर्ट आल्यावर माझ्या मुलाच्या औषधात काय बदलेल? उत्तर मिळेपर्यंत खुर्ची सोडू नका.