मसोत्याचं राज्य

आमच्या संडासाची फरशी इतकी घासलेली असते की तिथे पंगत बसवावी. बाहेरच्या चपलेला उंबऱ्याच्या आत मज्जाव, बाजारातून आलेल्या भाजीला आंघोळ सक्तीची. या सगळ्या पहाऱ्यातून सुटलंय ते एकटं मसोतं. नळाशेजारी ते कायम ओलं, वेटोळं करून बसलेलं असतं. मूळ रंग कुणालाच आठवत नाही; पूर्वाश्रमीची बाबांची बंडी असावी, असा एक मतप्रवाह आहे. उतू गेलेलं दूध टिपायचं, तापलेली कढई उतरवायची, बशीत सांडलेला चहा प्यायचा, आणि एवढं पोटात घेऊन शेवटी ओटा ‘स्वच्छ’ पुसायचा!

जंतूंना आणखी काय हवं? ओल, ऊब आणि दोन वेळचं जेवण. सगळं मनासारखं जमलं तर ई. कोलायचे सुमारे 20 मिनिटांत एकाचे दोन होतात. सकाळी 9 ला एकटाच आलेला पाहुणा, निदान कागदावर तरी, दुपारी 4 च्या चहाला 20 लाखांचा गोतावळा जमवून बसतो.

जर्मनीत फुर्टवांगन विद्यापीठाच्या मार्कुस एगर्ट आणि सहकाऱ्यांनी भांडी घासायचे 14 वापरलेले स्पंज तपासले. 2017 साली छापून आलं, की काही जागी एका घन सेंटिमीटरला 5 हजार कोटींवर जिवाणू! सगळेच काही आजार देणारे नव्हेत. पण घरी नेमाने स्वच्छ केलेल्या स्पंजांतही गर्दी कमी नव्हती.

मी हे आईला सांगितलं.

“मोजले कुणी?” आईने विचारलं.

कोरड्या जागी तरी सुटका असावी, तर तीही नाही. स्टॅफिलोकॉकस ऑरियस कोरड्या पृष्ठभागावर 7 महिन्यांपर्यंत तगल्याची नोंद आहे. दिवाळीच्या पाहुण्याने फ्रिजच्या मुठीवर ठेवलेला प्रसाद अक्षय्य तृतीयेलाही शिल्लक असू शकतो. तांब्यावर मात्र हे जंतू काही तासांत गारद होतात.

“मग मी काय सांगत होते? हंडा मोडीत घालू नका म्हणून!”

हा विजय तिच्या पदरात टाकून मी नवे टर्किश नॅपकिन आणले. रोज एक वापरायचा, धुऊन उन्हात खडखडीत वाळवायचा.

“अरे, एवढं चांगलं फडकं ओट्याला?” म्हणत तिने ते पाहुण्यांसाठी कपाटात ठेवले. पण माझा शब्दही मोडला नाही. जुन्या मसोत्याला मोरीत बढती दिली आणि ओट्यासाठी माझा ऑफिसातून मिळालेला टी-शर्ट टर्रकन फाडला. वाट्याला आलेल्या तुकड्यावर ‘स्वच्छता पंधरवडा’ एवढंच वाचता येतं.